पावसाळ्यात व्हेंटिलेशन पॅनेलचे अलार्म थांबत नाहीत: डिले बदलण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. कोल्हापुरात राजारामपुरी भागातील एका व्यापारी इमारतीची देखभाल आपल्याकडे आहे. खाली दोन तळघरांत पार्किंग, तळमजल्यावर दुकाने, वर तीन मजले कार्यालये आणि सर्वांत वर ३०० खुर्च्यांचे सभागृह आहे. चार एएचयू (हवा गाळून, थंड करून आत खेळवणारी यंत्रे), तळघरांचे दोन एक्झॉस्ट पंखे आणि ताज्या हवेचा एक पंखा एकाच कंट्रोलर पॅनेलवर चालतात. जूनपासून रोज पन्नास-साठ अलार्म येत आहेत. त्यांत 'फॅन फेल', 'फिल्टर चोक' आणि 'कम्युनिकेशन लॉस' हे सर्वाधिक आहेत, आणि मधूनच एका डक्टचे, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गाचे, तापमान ६८ अंश दिसते. रात्रीचे वॉचमन रिसेट दाबत राहतात, मालक बझरची वायर काढून टाका म्हणतात, आणि ज्यांनी पॅनेल बसवले ते सगळ्या अलार्मचा डिले, म्हणजे दोष दिसल्यापासून अलार्म वाजेपर्यंत थांबायचा वेळ, दहा मिनिटे करा असे सुचवतात. डिले नेमका किती ठेवावा, असे आपण विचारले आहे.

मी बावीस वर्षे कोल्हापूर, इचलकरंजी आणि कागल परिसरात एअर कंडिशनिंग व व्हेंटिलेशनच्या कंट्रोल पॅनेलचे काम करतो. डिलेचे आकडे पुढे देतोच, पण मला दिसणारी खरी अडचण वेगळी आहे. त्या साठांपैकी किती अलार्म खरे होते, हे आज आपल्या इमारतीत कोणालाच सांगता येणार नाही. सरसकट डिले वाढवला तर आवाज नक्की कमी होईल. पण तळघरातला पंखा बंद पडल्याची खरी सूचनाही दहा मिनिटे उशिरा येईल, आणि खोटे अलार्म कशामुळे येत होते ते कारण जागच्या जागी राहील. म्हणून आधी जागेवर जाऊन मोजावे, दोष काढावा आणि आकडा सर्वांत शेवटी बदलावा.

अलार्मची मर्यादा कशी ठरवावी हे कोल्हापूरकरांना सांगताना मी नेहमी पंचगंगेचे उदाहरण देतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आहे आणि ४३ फुटांना धोका पातळी. हे आकडे पाणी किती चढले एवढेच सांगत नाहीत. ३९ ची चाहूल लागली की नदीकाठची माणसे जनावरे, धान्य आणि सामान हलवू लागतात, आणि पाणी ४३ कडे निघाले की स्वतः घर सोडतात. प्रत्येक आकड्यामागे एक ठरलेले काम आहे, आणि ते काम उरकायला लागणारा वेळही दोन आकड्यांमधल्या अंतरात धरलेला आहे. शिवाय पाणी ३९ वरून दोन इंच उतरले म्हणून कोणी जनावरे परत गोठ्यात आणून बांधत नाही. ते चांगले ओसरेपर्यंत थांबतात. कंट्रोलरमध्ये या थांबण्यालाच डेडबँड म्हणतात. आपल्या पॅनेलवरच्या प्रत्येक अलार्मला हे तीन प्रश्न विचारावेत: हा वाजल्यावर कोणी काय करायचे, किती वेळात करायचे, आणि परिस्थिती निवळली असे कधी मानायचे. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती नोंद लॉगमध्ये राहू द्यावी, पण तिने बझर वाजवू नये.

हे केवळ माझे मत नाही. अलार्मच्या व्यवस्थापनाबद्दलची आयएसए १८.२ ही मानके २००९ साली आणि आयईसी ६२६८२ ही २०१४ साली आली. वेळेत प्रतिसाद द्यावा लागतो तोच अलार्म, असा त्यांतल्या व्याख्येचा गाभा आहे. प्रक्रिया उद्योगांत दिवसभर पडद्यासमोर बसलेल्या ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांना एक अलार्म हाताळता येतो असे धरले जाते. आपल्याकडे तोच माणूस फाटक उघडतो, पाण्याचा पंप लावतो आणि आलेल्या माणसाची वहीत नोंदही करतो. अशा इमारतीत आठवड्याला पाच-सहा अलार्मपेक्षा जास्त येत असतील तर काहीतरी चुकले आहे असे मी समजतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगायला हवे. कंट्रोलर कोणत्या कंपनीचा आहे त्यावर मेनूतील नावे बदलतात. पंखे थेट स्टार्टरवर आहेत की व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, यावर अर्ध्या कारणांचा निकाल लागतो. सेटिंगचा पासवर्ड आपल्याकडे नसेल तर बसवणाऱ्यांकडून तो लेखी घ्यावा, कारण पॅनेल इमारतीच्या मालकीचे आहे. आणि काहीही बदलण्याआधी सध्याच्या प्रत्येक सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा आणि शक्य असल्यास कंट्रोलरचा बॅकअप घ्यावा.

पहिले काम लॉग काढण्याचे. गेल्या सात दिवसांचे अलार्म वहीत उतरवा आणि प्रत्येकासमोर वेळ लिहा. संगणकावर करता आले तरी पहिल्यांदा हाताने करावे, कारण लिहिताना वेळेतला मेळ डोळ्यांना दिसतो. माझ्या अनुभवात चार-पाच ठिकाणांहूनच बहुतेक सगळे अलार्म येत असतात. रोज रात्री ठरलेल्या वेळी येणारा अलार्म वेळापत्रकाशी जोडलेला असतो. एकाच मिनिटात दहा-बारा आले असतील तर वीज गेलेली असते. पहाटे आणि मुसळधार पावसात येणारे बहुधा ओलाव्याचे असतात. आणि लिफ्ट किंवा पंप सुरू होताना येणारे कम्युनिकेशनच्या केबलचे.

'फॅन फेल' पासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे तो सर्वाधिक आहे आणि बहुधा रात्री आठनंतर येतो असे आपण लिहिले आहे. पंखा खरोखर हवा ढकलतो आहे का, हे कळण्यासाठी पंख्याच्या आधी आणि नंतर दोन बारीक नळ्या लावून त्या डीपी स्विचला जोडलेल्या असतात. दोन बाजूंच्या दाबांतला फरक ठरावीक आकड्याच्या वर गेला की स्विचचा संपर्क बदलतो आणि कंट्रोलर पंखा चालू असल्याचे मानतो. आता पंखा ५० हर्ट्झवर फिरताना हा फरक ३०० पास्कल आहे असे समजा. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ३० हर्ट्झवर तो १०८ पास्कल उरतो आणि २५ हर्ट्झवर फक्त ७५. पॅनेल सुरू करून देताना पंखे पूर्ण वेगाने फिरत होते, आणि तेव्हा कोणी स्विच १२० पास्कलवर ठेवला असेल, तर कार्यालये सुटल्यावर वेळापत्रक पंख्याला मंद करते त्या क्षणी कंट्रोलरच्या दृष्टीने पंखा बंद पडतो. पंखा नीट फिरत असतो, ड्राइव्ह नीट असतो, स्विचही नीट असतो. चुकलेला असतो फक्त त्याच्या चकतीवरचा आकडा. अशा अलार्मचा डिले दहा मिनिटे केला तर तो दहा मिनिटांनी वाजेल, कारण पंखा रात्रभर मंदच राहणार आहे.

उपाय असा. पंखा त्याच्या सर्वांत कमी वेगावर ठेवा, तेव्हाचा दाब मोजा, आणि स्विच त्याच्या साधारण निम्म्यावर ठेवा. वरच्या उदाहरणात ४० पास्कलच्या आसपास. स्विचचा पल्ला ५० पासून सुरू होत असेल तर तो बदलून २० ते २०० पास्कलचा घ्यावा. त्यानंतर पंखा हाताने बंद करून अलार्म येतो की नाही हे पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. काही जण डीपी स्विचऐवजी मोटरच्या करंटवरून पंखा चालू असल्याचे ठरवतात. ती पद्धत चांगली आहे, पण बेल्ट तुटला तरी मोटर फिरतच राहते आणि बिनभाराचा करंट ओढतच राहते, तो शून्य होत नाही. म्हणून करंट रिलेचा आकडा बिनभाराच्या करंटच्या वर असायला हवा. बेल्ट उतरवून तो करंट क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष मोजावा. बेल्ट उतरवताना आणि परत चढवताना आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावावे, आणि ड्राइव्ह उघडायचा असेल तर वीज बंद केल्यावर त्यावर लिहिलेला वेळ थांबावे, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका व्होल्टेज शिल्लक असतो.

आता फिल्टरचा अलार्म. आपल्या भागात फिल्टर तुंबण्याची खरी कारणे भरपूर आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या बाजूला फाउंड्रीची बारीक धूळ असते, ऊस गाळपाच्या हंगामात काजळी उडते, आणि शहरात बांधकामे चालूच असतात. पण ही सारी कोरड्या दिवसांची कारणे आहेत. जून ते सप्टेंबरात हवा धुतलेली असताना फिल्टरचे अलार्म वाढत असतील, तर मी फिल्टरआधी नळीकडे पाहतो.

गेल्या पावसाळ्यात एका सभागृहाच्या प्लांट रूममध्ये मला बोलावले होते. पंधरा दिवसांत दोनदा फिल्टर बदलले होते, तरी अलार्म जात नव्हता. नव्या फिल्टरवर हात फिरवला तर तो स्वच्छ आणि कोरडा होता. डीपी स्विच एएचयूच्या वरच्या बाजूला, दोन्ही नळ्यांच्या तोंडांपेक्षा उंच बसवलेला होता. पारदर्शक सिलिकॉनची नळी बोटांनी धरून विजेरीचा प्रकाश मागून टाकला, तेव्हा फिल्टरच्या पंख्याकडच्या नळीत, उभ्या भागात, करंगळीच्या पेराएवढा पाण्याचा थर अडकलेला दिसला. पट्टी लावली तर तो १५ मिलिमीटर भरला. पाण्याचा १ मिलिमीटर उंचीचा स्तंभ ९.८ पास्कल दाब देतो, म्हणजे त्या १५ मिलिमीटरमुळे जवळजवळ १४७ पास्कलची चूक होत होती. नव्या फिल्टरचा खरा फरक ११० आणि त्यात हे १४७. स्विच २५० वर ठेवलेला. अलार्म येणारच. नळी काढून फुंकली, थेंब बाहेर पडले, आणि अलार्म लगेच गेला.

यात एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. स्विच वर असताना पाणी पंख्याकडच्या नळीत अडकले तर अलार्म खोटा येतो. तेच पाणी बाहेरच्या हवेकडच्या नळीत अडकले तर दाबातला फरक तेवढाच कमी दिसतो, आणि फिल्टर खरोखर तुंबला तरी अलार्म येतच नाही. खोट्या अलार्मची तक्रार होते. न येणाऱ्या अलार्मची कोणी तक्रार करत नाही. म्हणून एका एएचयूवर पाणी सापडले तर चारही एएचयूंच्या आठही नळ्या तपासाव्यात, ज्यांची तक्रार नाही त्यांच्याही. नळी कुठेही झोळीसारखी लोंबू नये, ती स्विचपासून एएचयूकडे सतत उताराने यावी, आणि धातूच्या तोंडाची भोके दर पावसाळ्याआधी तारेने साफ करावीत. पावसाचे शिंतोडे ताज्या हवेच्या जाळीतून आत येऊन फिल्टरच भिजत असेल, तर मात्र तो अलार्म खरा आहे. तिथे सेटिंगचा काही संबंध नाही, जाळीला आडोसा करावा लागेल.

हा दाब मोजायला महागडे यंत्र हवेच असे नाही. दोन मीटर स्वच्छ प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवा, अर्धी भरेल इतके पाणी घाला, मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवा. दोन्ही टोके डीपी स्विचच्या जागी जोडली की दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक थेट वाचता येतो. २५ मिलिमीटर म्हणजे २४५ पास्कल. मी आजही डिजिटल मॅनोमीटरवर शंका आली की हीच नळी लावतो. १० मिलिमीटरच्या खालचा फरक तिच्यावर अचूक वाचता येत नाही, त्यामुळे मंद पंख्याच्या मोजणीसाठी मात्र मॅनोमीटरच आणावा.

ड्राइव्ह असेल तर फिल्टरच्या अलार्मला आणखी एक अट घालावी लागते. हवा निम्मी झाली की फिल्टरवरचा दाबही निम्म्याहून खाली येतो, म्हणून मंद वेगात तुंबलेला फिल्टरही स्वच्छ भासतो. पंखा ४५ हर्ट्झच्या वर असेल तेव्हाच फिल्टरचा अलार्म तपासला जाईल अशी अट कंट्रोलरमध्ये घालून ठेवावी, आणि आलेला अलार्म पंखा मंद झाल्यावर आपोआप पुसला जाणार नाही असे पाहावे.

६८ अंशांच्या तापमानाचे कोडे तुलनेने सोपे आहे. बहुतेक पॅनेलमध्ये १० किलोओहमचे एनटीसी सेन्सर असतात, ज्यांचा रोध २५ अंशांना १०,००० ओहम असतो आणि तापमान वाढले की कमी होतो. ३० अंशांना तो साधारण ८,००० असतो. सेन्सरच्या जोडात पाणी शिरले की त्या पाण्यातून थोडा करंट वाहतो, एकूण रोध कमी होतो आणि कंट्रोलरला हवा तापल्यासारखी वाटते. वायर तुटली तर उलट, तापमान शून्याच्या कितीतरी खाली दिसते. चूक सेन्सरकडे आहे की पॅनेलमध्ये हे ओळखायला १० किलोओहमचा साधा रेझिस्टर खिशात ठेवावा. सेन्सरच्या दोन्ही वायरी टर्मिनलमधून काढा, तिथे रेझिस्टर लावा. पडद्यावर २५ च्या आसपास आकडा आला तर कंट्रोलर चांगला आहे आणि दोष बाहेर आहे. हा रेझिस्टर लावूनही आकडा भलताच आला तर सेन्सरचा प्रकार सेटिंगमध्ये चुकीचा निवडला आहे का ते पाहा. १० किलोओहमच्या सेन्सरचेही एकाहून अधिक प्रकार असतात. ते सारे २५ अंशांना जुळतात आणि त्यापासून दूर गेल्यावर वेगळे होतात, त्यामुळे ही चूक रेझिस्टरने पकडता येत नाही. त्यासाठी सेन्सरवर छापलेला प्रकार आणि सेटिंग समोरासमोर ठेवूनच पाहावे लागते. जोड पाण्यात सापडला तर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नये. वायर कापून नवा जोड करावा आणि तो डक्टच्या खालच्या बाजूच्या बंद डबीत ठेवावा.

कम्युनिकेशन लॉससाठी एक मोजणी पुरेशी ठरते. आरएस-४८५ ची केबल, म्हणजे ज्या दोन वायरींवरून ड्राइव्ह आणि कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती, एका यंत्रातून दुसऱ्यात अशी साखळीने गेलेली असावी आणि तिच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असावेत. सर्व यंत्रांची वीज बंद करून दोन वायरींमध्ये मल्टीमीटर लावा. ६० च्या आसपास आले तर ठीक. १२० आले तर एक टोक मोकळे आहे, ४० आले तर मध्येच कोणीतरी तिसरा लावला आहे. त्यानंतर केबल ड्राइव्हच्या पॉवर केबलला चिकटून गेली आहे का ते पाहा. शक्यतो एक फूट अंतर ठेवा, आणि शील्ड, म्हणजे केबलच्या आतले धातूचे आवरण, एकाच टोकाला अर्थ करा. पावसाळ्यात वाढणाऱ्या कम्युनिकेशनच्या दोषांचे मूळ बहुतेकदा गच्चीवरच्या एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये, हिरव्या पडलेल्या टर्मिनलवर सापडते.

एकाच मिनिटात येणाऱ्या अलार्मच्या झुंडीकडे आता वळू. वळवापासून दसऱ्यापर्यंत वीज जाणे-येणे चालूच असते. वीज गेली की सगळे पंखे थांबतात, आणि कंट्रोलर छोट्या यूपीएसवर असेल तर त्याला सात पंखे एकदम बंद पडलेले दिसतात. सात 'फॅन फेल', त्यामागे हवा नाही म्हणून चार तापमानाचे, ड्राइव्ह बोलत नाहीत म्हणून कम्युनिकेशनचे. घटना मात्र एकच. इथे डिले वाढवायचा नसतो, अट घालायची असते. फेज असल्याची खात्री देणारा रिले कंट्रोलरला जोडावा; वीज नसेल तेव्हा आणि ती परत आल्यावर तीन ते पाच मिनिटे बाकीचे अलार्म थांबवावेत, आणि 'वीजपुरवठा खंडित' हा एकच अलार्म यावा. तसेच ज्या पंख्याला चालण्याचा आदेशच नाही त्याचे हवेचे व तापमानाचे अलार्म तपासले जाऊ नयेत. ड्राइव्ह कमी व्होल्टेजवर ट्रिप होत असेल तर त्याला आपोआप रिसेट होऊ द्यायला हरकत नाही, पण तासात तीनदाच. ओव्हरकरंट आणि अर्थ फॉल्टला आपोआप रिसेट कधीही देऊ नये.

हे सगळे झाल्यावर डिलेचे आकडे. चालू पंख्याचा हवेचा संपर्क तुटला तर मी १५ सेकंद ठेवतो. पंखा सुरू होताना मात्र डॅम्परचा, म्हणजे डक्टमधल्या हवेच्या झडपेचा, वेळ मोजून घ्यावा लागतो. पुष्कळ डॅम्परची मोटर पूर्ण उघडायला १५० सेकंद घेते, आणि कंट्रोलरमध्ये ६० सेकंद लिहिलेले असले तर रोज सकाळी तो अलार्म येणारच. घड्याळ लावून डॅम्पर उघडण्याचा वेळ मोजा, त्यात ड्राइव्हचा वेग घेण्याचा वेळ आणि वर ३० सेकंद मिळवा. फिल्टरला अर्धा तास दिला तरी चालतो, कारण त्यावर करायचे काम आठवड्यातले आहे. तापमानाला १५ मिनिटे आणि २ अंशांचा डेडबँड. म्हणजे २८ ला आलेला अलार्म २६ झाल्याशिवाय जाणार नाही. कम्युनिकेशनला तीन मिनिटे. हे माझ्या कामातले आकडे आहेत. आपल्या डक्टची लांबी, पंख्यांचे आकार आणि सभागृहात माणसे किती वेगाने भरतात यावर ते थोडे इकडे-तिकडे होतील.

दोन अलार्मांना मात्र यांतले काहीही लागू करू नये. पहिला आगीचा. फायर पॅनेलकडून येणारा सिग्नल स्वतंत्र वायरीने यावा, वायर तुटली तरी अलार्म येईल अशा बंद संपर्काने यावा, त्याला डिले नसावा आणि तो जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय रिसेट होऊ नये. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघरातील पार्किंगमध्ये आगीच्या वेळी तासाला किमान १२ वेळा हवा बदलण्याची क्षमता हवी. ती क्षमता कागदावर असून पंख्याचा सिलेक्टर स्विच कोणीतरी 'बंद'वर ठेवून गेले असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणून सिलेक्टर 'ऑटो'वर नसेल तर त्याचाही अलार्म असावा असा माझा आग्रह असतो.

दुसरा तळघरातील कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेइतकाच जड असल्यामुळे खाली बसत नाही की वर जात नाही. सेन्सर माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, साधारण दीड मीटरवर असावा. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या नियमात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, अशी आहे. मी २५ ला पंखा पूर्ण वेगाने चालवतो आणि ५० ला अलार्म देतो. सेन्सरचा सिग्नल तुटला तर पंखा थांबता कामा नये, पूर्ण वेगाने चालला पाहिजे. सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअरचा असेल तर हे सोपे आहे, कारण शून्य पीपीएमलाही ४ मिलिअँपिअर येतात आणि ३.६ च्या खाली गेले म्हणजे वायर तुटली हे उघड होते. ० ते १० व्होल्टच्या सेन्सरमध्ये शुद्ध हवा आणि तुटलेली वायर एकसारखीच दिसतात.

एका इमारतीच्या तळघरात मी अलार्मच्या दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. कार्बन मोनॉक्साइडचे चार सेन्सर पडद्यावर शून्य दाखवत होते. संध्याकाळी सहाची वेळ होती, गाड्या रांगेने बाहेर निघत होत्या, आणि माझ्या डोळ्यांना धुराची चुरचुर जाणवत होती. तपासणीच्या वायूची बाटली सोबत होती; ५० पीपीएमचा वायू एकेका सेन्सरवर धरला. चारांपैकी एकाचा आकडा चढला, तीन शून्यावरच राहिले. त्यांच्या आतला रासायनिक घटक कधीच संपला होता. तीन वर्षांत तिथे एकही अलार्म आला नव्हता, आणि सगळे उत्तम चालले आहे असे सर्वांना वाटत होते. तेव्हापासून मी कोणत्याही इमारतीत गेलो की जो सेन्सर सतत शून्य दाखवतो त्याच्याकडे आधी जातो. या सेन्सरची वर्षातून एकदा वायूने तपासणी व्हावी, आणि उत्पादकाने दिलेले आयुष्य संपले की तो दिसायला नवा असला तरी बदलावा. मालकांनी बझरची वायर काढायचे पुन्हा सुचवले तर त्यांना तळघरात उभे राहून ही गोष्ट समजावून सांगावी.

अलार्मच्या मजकुराकडेही लक्ष द्यावे. पडद्यावर 'एआय ०७ हाय' असे आले तर वॉचमन रिसेटशिवाय काय करणार? त्या जागी 'दुसरा मजला, उत्तर बाजू, फिल्टर तुंबला' असे दिसायला हवे. बऱ्याच कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर देवनागरी येत नाही. तिथे पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मराठीत छापलेला तक्ता लावावा, त्यात प्रत्येक अलार्मसमोर काय पाहायचे, कोणाला किती वेळात कळवायचे आणि कोणता अलार्म स्वतः रिसेट करायचा नाही, एवढे लिहावे. तक्ता लिहिताना रात्रीच्या वॉचमनना शेजारी बसवावे. त्यांना जे वाक्य दोनदा वाचावे लागेल ते बदलावे.

आता आपल्याकडून मला तीन आकडे हवे आहेत: पंखा सर्वांत कमी वेगावर असताना चारही एएचयूंच्या डीपी स्विचवरचा दाब, डॅम्पर पूर्ण उघडायला लागणारा वेळ, आणि आरएस-४८५ च्या दोन वायरींमधला रोध. सोबत सात दिवसांच्या अलार्मची यादी वेळेसकट लिहा. ते हाती आले की कोणत्या एएचयूला कोणता आकडा द्यायचा हे मला नेमके सांगता येईल. तोपर्यंत बझर चालू ठेवा, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरवर बसवल्याची तारीख छापलेली आहे का, हे आजच खाली जाऊन पाहून या.